युरोभर नेदरलँड्सच्या पाठीशी राहायचं आहे, तेही वरूडकडच्या गावातून. सोय कशी लावावी?

संत्राबाग

राम राम मंडळी.

वरूड तालुक्यातलं गाव, दीडेक हजार वस्ती. फुटबॉल खेळणारे पोट्टे बरेच आहेत आणि सगळे नेदरलँड्सच्या बाजूचे. संत्र्याचा मुलूख आणि संत्र्याच्या रंगाची जर्सी, त्यामुळं ही माया जडली ती जडलीच. पुढचा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, ९ जून ते ९ जुलै २०२८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये. डच, म्हणजे नेदरलँड्सचा, संघ पात्र ठरला तर पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत एकही न चुकवता गावात एकत्र बसून पाहायचा, असं मंडळानं ठरवलं आहे. वर्गणी गोळा व्हायला वेळ लागतो म्हणून आत्तापासून विचारून राहिलो.

हाताशी काय आहे ते सांगतो. समाजमंदिर ४० बाय २५ फूट, वर पत्रे. एक इन्व्हर्टर, त्याला १५० अँपिअरची एक बॅटरी. एक डिश. प्रोजेक्टर भाड्यानं आणू. माणसं ऐंशी ते शंभर.

अडचणी तुम्हाला ठाऊकच आहेत. ऐन पेरणीचे दिवस, पावसाचे दिवस आणि वारं सुटलं की लाइन जाते. सामने किती वाजता पडतील, बॅटरी पुरेल का, डिशचा सिग्नल गेला तर काय करायचं, भोंगा किती वाजेपर्यंत चालतो, हे जाणत्यांनी सांगावं. शिवाय डच लोक नारिंगी कपड्यांत मिरवणुकीनं मैदानावर जातात, तसं गावात काही करता येईल का? संत्र्यांची तोरणं लावायचं पोट्ट्यांच्या डोक्यात आहे.

वलंदेज

संत्राबाग भाऊ, आधी घड्याळ लावून घ्या. बाकीचं सगळं त्यावर बेतायचं आहे.

ब्रिटन-आयर्लंडचं उन्हाळी घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं. तिथं दुपारचे २ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३०. तिथं ५ म्हणजे रात्रीचे ९.३०. तिथं रात्रीचे ८ म्हणजे आपले १२.३०. जर्मनीतल्या २०२४ च्या युरोत फरक साडेतीन तासांचा होता, पण सामने आपल्याकडं याच तीन वेळांना पडले. डचांचे तेव्हाचे सहा सामने भारतीय वेळेनं असे: पोलंडविरुद्ध (२-१) ६.३० ला, फ्रान्सविरुद्ध (०-०) १२.३० ला, ऑस्ट्रियाविरुद्ध (२-३) ९.३० ला, अंतिम सोळात रुमानियाविरुद्ध (३-०) ९.३० ला, मग उपांत्यपूर्व तुर्कस्तान (२-१) आणि उपांत्य इंग्लंड (१-२) दोन्ही १२.३० ला. सहातले तीन मध्यरात्रीनंतर. त्यामुळं निम्मे सामने जागरणाचे धरूनच तयारी करा.

आता तारखेचा घोळ. १२.३० चा सामना कार्यक्रमपत्रिकेत आदल्या दिवशीच्या तारखेला छापलेला असतो. फ्रान्सचा सामना कागदावर शुक्रवारी २१ जूनला होता, आपल्याकडं तो लागला तेव्हा २२ तारीख उजाडली होती. फलकावर नुसतं "शनिवार रात्री १२.३०" लिहिलं तर अर्धी माणसं एक दिवस उशिरा येतात. "शुक्रवारी जेवून झोपायच्या आधी, शुक्रवार-शनिवारच्या मधली रात्र" असं सरळ लिहा. लांबलं तरी चालेल.

सामना किती वेळ चालतो? दोन हाफ, मधली १५ मिनिटं आणि वाढीव वेळ धरून पावणेदोन ते दोन तास. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळेची ३० मिनिटं, मग पेनल्टी. म्हणजे १२.३० ला सुरू झालेला सामना सव्वातीनपर्यंत जाऊ शकतो. डच संघाच्या बाबतीत ही शक्यता सोडून चालत नाही. १९९२ मध्ये डेन्मार्क, १९९६ मध्ये फ्रान्स, २००० मध्ये इटली, असे सलग तीन युरो ते पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. चौथ्या खेपेला, २००४ मध्ये, स्वीडनविरुद्ध जिंकले. २००० ची उपांत्य लढत तर त्यांच्याच ॲम्स्टरडॅममध्ये होती. इटलीचा एक गडी पहिल्या हाफमध्येच बाहेर गेलेला, तरी डचांनी सामन्यातल्या दोन आणि शूटआउटमधल्या तीन पेनल्टी घालवल्या. त्या दिवशी सहातली एकच आत गेली. सांगायचा मुद्दा असा की बॅटरी, डेटा, चहा सगळं तीन तासांचं धरा.

गटातून पुढं जाण्याचा नियमही पोट्ट्यांना आधीच समजावून ठेवा, नाहीतर तिसऱ्या सामन्याच्या रात्री वाद होतात. २४ संघ, सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि सगळ्या गटांतले मिळून चार चांगले तिसरे, असे १६ पुढं जातात. एकाच गटात गुण सारखे झाले तर युरोत आधी त्या दोघांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात, एकूण गोलफरक नंतर. तिसऱ्यांची आपसात तुलना करताना मात्र गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल. २०२४ मध्ये डच संघ ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या मागं ४ गुणांवर तिसरा आला आणि तिथून उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेव्हा तिसरा आला म्हणून पडदा गुंडाळू नका.

पेरणीचं म्हणाल तर साखळी सामने मृगात येतात, बाद फेरी आर्द्रा आणि पुनर्वसूत. ज्याला पहाटे पाचला डवरणीला किंवा पेरणीला निघायचं आहे त्यानं १२.३० च्या सामन्याला आधी तीन तास झोप काढून यावं. सामना पाहून दोन तास झोपून तिफण धरणं धोक्याचं, ट्रॅक्टर तर त्याहून. मंडळानं हे उघडपणे ठरवून घ्यावं, कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

फ्यूजतार

विजेचं मी सांगतो, सविस्तर लिहितो.

तुमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. गुणाकार १८०० वॅट-तास. पण हा आकडा वीस तासांत हळूहळू वापरली तर मिळतो. अडीच-तीन तासांत ओढली तर कमी मिळतो, त्यात इन्व्हर्टरची घट. चांगल्या स्थितीतल्या ट्युब्युलर बॅटरीतून हाती १००० वॅट-तास धरा. आता खर्च: लॅम्पचा प्रोजेक्टर ३०० वॅट, सेटटॉप बॉक्स १५, छोटा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर ५०, एक बल्ब आणि राउटर मिळून २०. झाले ३८५. हजारला ३८५ नं भागा, अडीच तासांच्या थोडं वर. नव्वद मिनिटांचा सामना निघतो, पेनल्टीच्या वेळी अंधार होतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर दुसऱ्या हाफमध्येच शिट्टी वाजेल.

यावर उपाय नवी बॅटरी घेणं हा नाही, भार कमी करणं हा आहे. गावातला कोणाचाही ४३ इंची एलईडी टीव्ही आधीच जोडून, भिंतीला तोंड करून बाजूला ठेवा. तो ८० ते १०० वॅट घेतो. लाइन गेली आणि पंधरा मिनिटांत आली नाही, तर हाफटाइमला प्रोजेक्टर बंद करून टीव्हीवर या. सगळं मिळून १९० वॅटच्या आत राहतं, पाच तास निघतात. चित्र लहान दिसेल, पण सामना पूर्ण दिसेल.

प्रोजेक्टर भाड्यानं घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, लॅम्पचा आहे की लेझर-एलईडीचा? लॅम्पवाला एकदा झटक्यानं बंद पडला की दिवा थंड होईस्तोवर पुन्हा पेटत नाही, काही मिनिटं जातात. शिवाय पंखा मध्येच थांबल्यानं दिव्याचं आयुष्य घटतं. म्हणून तो थेट लाइनवर कधीच लावायचा नाही, इन्व्हर्टरमधूनच. दुसरी, उजेड किती? "एएनएसआय लुमेन" हा शब्द कागदावर असावा आणि आकडा ३००० च्या वर. नुसतं "लुमेन" लिहिलेले मिनी प्रोजेक्टर आकडा मोठा सांगतात, हिरवळीवर चेंडू मात्र सापडत नाही.

इन्व्हर्टरच्या मागं एक खटका असतो, "यूपीएस" आणि "नॉर्मल" असा. तो यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर लाइन जाता-येताना बदल उशिरा होतो आणि सेटटॉप बॉक्स रीस्टार्ट होतो. तो पुन्हा उभा राहायला दोन मिनिटं घेतो आणि गोल नेमका तेव्हाच होतो. इन्व्हर्टर साइन वेव्ह असावा. स्क्वेअर वेव्हवर स्पीकर गुणगुणतात आणि काही प्रोजेक्टर चालूच होत नाहीत.

जोडणी गावठाण फीडरच्या घरगुती लाइनवरून, मीटरमधूनच घ्या. शेतीच्या फीडरवर भरवसा ठेवता येत नाही, रात्रीची पाळी कधी असेल सांगता येत नाही. आकडा टाकून तर अजिबात नाही. पावसात ओली जमीन, लोखंडी खांब आणि शंभर माणसं एका जागी असतात, त्यात जीव जातो. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवून घ्या आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी आहे का ते सामन्याच्या दिवशी बघा. वाऱ्यानं डीपीवरचा (रोहित्रावरचा) डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला तर काठी घेऊन स्वतः बसवायला जायचं नाही, लाइनमनलाच बोलवायचं. सामना चालू असला तरी.

पडदा. सभागृहाची आखूड भिंत चुन्यानं पांढरी करा, चकाकणारा ऑइलपेंट नको. फ्लेक्सची उलटी बाजू लोक वापरतात, पण ती चमकते आणि मधोमध उजेडाचा डाग पडतो. चित्र ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर. पहिली रांग भिंतीपासून १२ फूट मागं आणि शेवटची २७-२८ फुटांच्या आत, त्यापलीकडून चेंडू दिसत नाही. ४० फुटी सभागृहात मागचे १२ फूट म्हणून रिकामेच ठेवा, तिथं चहा आणि चपला. साधारण प्रोजेक्टरला ८ फुटी चित्रासाठी १२ फूट अंतर लागतं, म्हणजे तो पहिल्या रांगेच्या डोक्यावर येतो. पत्र्याच्या कैचीला लोखंडी पट्टीनं उलटा टांगा आणि मेनूतून चित्र उलटं करून घ्या. सेटटॉप बॉक्सही वर, त्याच्याजवळच. एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढं नेली तर चित्र तुटतं. त्यापेक्षा स्पीकरची तार लांब न्या, तिला काही होत नाही.

बाहेर मैदानात लावायचा विचार सोडा. जूनमध्ये आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास मावळतो, ६.३० च्या सामन्याचा पहिला हाफ उजेडात जातो. रात्री पहिल्या पावसानंतरची पाखरं प्रोजेक्टरच्या झोतात येतात आणि पंख्याच्या जाळीत अडकून बसतात. आत बसलात तरी एक पांढरा बल्ब दारापासून वीसेक फूट बाहेर लावून ठेवा, पाखरं तिकडं जातील.

आणि पत्र्याचं. जोराचा पाऊस पत्र्यावर पडला की समालोचन ऐकूच येत नाही, आवाज वाढवून उपयोग नसतो. दोन मोठे स्पीकर पडद्याजवळ ठेवण्याऐवजी चार लहान स्पीकर दोन्ही लांब भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर लावा. पत्र्याखाली जुनी पोती किंवा हिरवी जाळी दुहेरी ताणली तर थोडा फरक पडतो.

संत्राबाग

फ्यूजतार दादा, पानच्या पान छापून भिंतीला लावतो. डिशचं मात्र राहिलं. पाऊस आला की "सिग्नल नाही" येते, ते थांबवता येईल का?

फ्यूजतार

मुसळधार पावसात थांबवता येत नाही. डिशच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात, ते निसर्गाचं आहे. पण आपल्याकडं साध्या सरीतही सिग्नल जातो, तो बहुतेक वेळा आपल्या चुकीनं.

मे महिन्यातच हे करून घ्या. खांब हातानं हलवून बघा. बोटभरही हलला तर डिश वाऱ्यात दिशेवरून सरकते, तेव्हा नट आवळा, खांबाच्या बुडाशी काँक्रीट भरा. एलएनबीला (डिशसमोरच्या दांडीवरच्या डबीला) केबल जिथं लागते तो जोड उघडा. आत हिरवट गंज दिसला तर केबलचं टोक कापून नवा कनेक्टर लावा, वरून रबरी टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक गोल वळसा द्या म्हणजे पाणी जोडात न जाता वळशावरून टपकेल. मग सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलची "क्वालिटी" बघत डिश तसूतसूनं हलवा. निरभ्र दिवशी आकडा जितका वर नेऊन ठेवाल तितका पाऊस तो सोसतो. निरभ्र आकाशातच काठावर असेल तर पहिल्या सरीत गेला समजा.

पर्याय म्हणून मोबाइलवर ॲप लॉग-इन करून तयार ठेवा. ७२० च्या चित्राला तासाला एक ते दीड जीबी जातो, म्हणजे सामन्याला दोन-तीन. ९.३० च्या सामन्याला दिवसभर वापरलेल्या फोनचा रोजचा दीड-दोन जीबी दुसऱ्या हाफमध्ये संपतो आणि नवा कोटा रात्री १२ ला येतो. म्हणून त्या दिवशी एक फोन सकाळपासून कोणी हातात घ्यायचाच नाही. १२.३० च्या सामन्याला ही अडचण नाही, कोटा नुकताच भरलेला असतो. फोनवरून पडद्यावर चित्र जातं का ते आदल्या दिवशी तपासा. स्वस्त मोबाइल प्लॅनमध्ये बऱ्याचदा चित्र फोनपुरतंच राहतं, पडद्यावर नुसता काळोख येतो.

ॲप डिशच्या मागं चालतं, अर्धा मिनिट ते मिनिटभर. म्हणून एकदा ॲपवर गेलात की पाऊस थांबला म्हणून लगेच डिशवर येऊ नका, हाफटाइमलाच बदला. आणि शेजारच्या घरात डिशवर सामना लागला असेल तर तिथली आरोळी आधी ऐकू येते. त्यांनाही सभागृहातच बोलवा.

२०२४ चा युरो भारतात सोनीच्या क्रीडा वाहिन्यांवर होता. पुढचा कोणाकडं जाईल ते जाहीर झाल्यावरच रिचार्ज करा. घरगुती जोडणी सार्वजनिक जागी लावायची परवानगी त्यात धरलेली नसते. तिकीट नको, जाहिरातीचा फलक नको, आणि ज्याच्याकडं हक्क असतील त्याला मंडळाच्या लेटरहेडवर लिहून विचारा.

पळसफूल

तोरणाचं वाचून लिहिते. जूनमध्ये बागेत पिकलं संत्रं कुठून आणणार? आंबिया बहराची फळं तेव्हा हिरवी, लिंबाएवढी असतात, ती तोडणं म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचं पीक तोडणं. मृगाचा माल मार्च-एप्रिलपर्यंत उतरून गेलेला असतो. शीतगृहातली संत्री आणून टांगली तर दमट हवेत दोन दिवसांत बुरशी. हा विचार सोडा.

रंगच हवा ना, तर आपल्या रानात पळस आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये होळीच्या आसपास फुलं वेचून सावलीत वाळवून, कोरड्या पोत्यात भरून ठेवा. वजन फार घटतं, म्हणून वाटतं त्याच्या कितीतरी जास्त वेचावी लागतात. सगळ्यांना टी-शर्ट रंगवण्यापेक्षा पांढरे सुती दुपट्टे रंगवा. खांद्यावर टाकता येतात, पावसात डोक्यावर घेता येतात. पॉलिस्टर चालत नाही, रंग धरत नाही.

एक किलो कापडाला, म्हणजे साधारण दहा दुपट्ट्यांना, हे माप: हिरड्याची पूड २०० ग्रॅम, तुरटी १५० ग्रॅम, वाळलेली पळसफुलं १ किलो.

दुपट्टे आधी सोडा टाकून उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, खळ निघून गेली पाहिजे. खळ राहिली की रंग डागाडागानं बसतो. मग हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड चार-पाच तास बुडवा, न धुता पिळून उन्हात वाळवा. कापड पिवळसर होतं. सुती कापड तुरटी नीट धरत नाही, हिरडा ती धरवून देतो, म्हणून हा टप्पा गाळायचा नाही. तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड रात्रभर, मग हलक्या हातानं एकदा खंगाळून घ्या.

फुलं दहा-बारा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी तासभर उकळा, फडक्यातून गाळा. त्या पाण्यात ओलं कापड घाला, उकळीच्या खाली पाऊण तास, सारखं ढवळत. एका जागी दुमडून राहिलं तर घडीची रेघ उमटते. या वेळी रंग गर्द पिवळा असतो, पोट्टे म्हणतील हे काही डचांचं नाही. थांबा. खायच्या चुन्याची निवळी बनवा: चमचाभर चुना पाच लिटर पाण्यात ढवळून तासभर ठेवायचा, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. दुपट्टा त्या पाण्यात बुडवला की डोळ्यांसमोर पिवळ्याचा नारिंगी होतो, कडेपासून आत सरकत जातो. मिनिट-दोन मिनिटं, बस. जास्त ठेवलं तर विटकरीकडं झुकतो आणि सूत कडक होतं.

भांडं स्टीलचं किंवा जर्मलचं. लोखंडी कढई किंवा गंजलेला ड्रम घेतला तर हिरडा आणि लोखंड मिळून कापड काळपट राखाडी होतं आणि ते परत येत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तसंच, म्हणून पावसाचं किंवा विहिरीचं पाणी घ्या, आधी एका चिंधीवर करून बघा.

हा रंग कच्चाच. उन्हात विटतो, लिंबू-चिंचेचा डाग पडला तर तिथं पिवळा होतो. साबण नको, रिठ्याच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. महिनाभराचा युरो निघून जातो.

मैदानी_अचलपूर

मिरवणुकीचं आणि आवाजाचं.

नियम आधी. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा आणि कोणतंही वाद्य उघड्यावर वाजवता येत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे. बंदिस्त सभागृहात आतल्यापुरता आवाज चालतो, पण तुमचं पत्र्याचं आहे, खिडक्यांना काचा असतील-नसतील. वस्तीची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे हळू बोलण्याइतकी. ९.३० चा सामना अर्ध्या तासातच दहाच्या पुढं जातो. म्हणून भोंगा मुळात लावूच नका, फ्यूजतार भाऊंनी सांगितलेले भिंतीवरचे लहान स्पीकरच ठेवा आणि दारं-खिडक्या लावून बाहेर वीस पावलांवर उभं राहून ऐका. गोल झाल्यावर शंभर माणसं ओरडणारच. सभागृहाजवळ आजारी किंवा बाळंतीण असेल त्या घरी मंडळातल्या मोठ्या माणसानं आधी जाऊन सांगावं. पोलीस पाटलांना आणि ठाणेदारांना महिन्याचं वेळापत्रक लेखी द्या.

डचांची रीत अशी: सामन्याच्या काही तास आधी शहरातल्या एका चौकात जमायचं, पुढं नारिंगी दुमजली बस, तिच्यावर गाणं, आणि मागून हजारो माणसं पायी मैदानापर्यंत. २०२४ मध्ये हॅम्बुर्ग, लाइपझिग, बर्लिन, म्युनिक, डॉर्टमुंड, प्रत्येक ठिकाणी ती निघाली. गाण्यात "डावीकडं" आलं की अख्खी गर्दी उड्या मारत डावीकडं सरकते, "उजवीकडं" आलं की उजवीकडं. ताकद त्या एकदम सरकण्यात आहे.

गावात सामना ६.३० चा असेल तर मिरवणूक ५.१५ ला, ९.३० चा असेल तर ७.३० ला. १२.३० च्या सामन्याची मिरवणूकही ७.३० लाच काढा, मग घरी जाऊन जेवण आणि झोप, पुन्हा सव्वाबाराला गुपचूप या. बसच्या जागी ट्रॅक्टर, पुढच्या भागावर नारिंगी कापड, चालण्याच्या वेगानं. ट्रॉली जोडायची नाही आणि मडगार्डवर कोणी बसायचं नाही. आपला रस्ता १२-१५ फुटी, दोन्ही बाजूंना उघडी नाली. म्हणून रांगेत चार माणसं, एकमेकांत हातभर अंतर, आणि एका बाजूला तीनच उड्या. आरोळी देणारा एकच असावा, तो पाठमोरा न चालता ट्रॅक्टरच्या बाजूनं चालावा. दोघं ओरडले की निम्मी डावीकडं जातात, निम्मी उजवीकडं, आणि लहान पोरं मध्ये चेंगरतात.

ताल डफड्याचा ठेवा, डीजेपेक्षा तो या उड्यांना छान जमतो. दमट हवेत कातडं सैल पडून डफडं भद्द वाजतं. निघायच्या आधी तणसाच्या जाळावर हातभर उंचीवर धरून फिरवत शेकायचं, बोटानं टिचकी मारून बघायची. टणक आवाज आला की लगेच काढायचं, एका जागी धरलं तर कातडं फाटतं. पाऊण तासानं पुन्हा शेकावं लागतं, म्हणून मिरवणूक तेवढीच ठेवा. वाटेत पावसासाठी प्लास्टिकची पिशवी जवळ असू द्या.

झेंडा लावणार असाल तर आडवे पट्टे, वरून लाल, पांढरा, निळा. उभे पट्टे केले की फ्रान्स होतो, तोही निळा-पांढरा-लाल. ग्रामपंचायतीच्या ध्वजस्तंभावर दुसरं काही चढवायचं नाही. दुपट्टे पुरेसे आहेत.

वलंदेज

मैदानी भाऊंच्या लिहिण्याला जोडून थोडं. गावातल्या जाणत्यांना नारिंगी रंगाचं कारण सांगा, त्यांना संत्र्याची सांगड आवडेल, पण ती खरी नाही. डच राजघराणं ओरान्ये-नासाऊ. दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज नावाच्या संस्थानाचा वारसा विल्यम या सरदाराकडं १५४४ मध्ये आला, त्याच्या घराण्याचा रंग संघानं घेतला. डच भाषेत फळाला वेगळाच शब्द आहे, "चीनचं सफरचंद" अशा अर्थाचा. युरोपातला फळाचा "ऑरेंज" हा शब्द मात्र आपल्याच संस्कृत "नारंग"पासून फारसी-अरबीतून फिरत तिकडं पोचला. तेवढा धागा पक्का आहे. आणि आपल्या जुन्या कागदपत्रांत डचांना "वलंदेज" म्हणत, तो शब्द फलकावर वापरा.

सामन्याआधी पोट्ट्यांना सांगायला १९८८ पुरे. पुरुष संघानं युरो जिंकला तो तेवढाच एकदा, पश्चिम जर्मनीत. पहिलाच सामना सोव्हिएत संघाकडून ०-१ हरले. मग इंग्लंडविरुद्ध ३-१, तिन्ही गोल फान बास्टनचे. आयर्लंडविरुद्ध ८२ व्या मिनिटाला एकुलता गोल. हॅम्बुर्गला उपांत्य फेरीत यजमानांविरुद्ध मागं पडून २-१, विजयी गोल ८८ व्या मिनिटाला. आणि २५ जूनला म्युनिकमध्ये पुन्हा तोच सोव्हिएत संघ, या वेळी २-० नं हरवला. गोल खुलित आणि फान बास्टनचे. डच "ग" आपल्या घशातल्या "ख"सारखा म्हणतात, म्हणून खुलित आणि २०२४ च्या संघातला खाकपो. पोरींच्या संघालाही सांगा, महिलांनी २०१७ चा युरो घरच्या एन्स्खेडेत डेन्मार्कला ४-२ हरवून जिंकला.

संत्राबाग

सगळ्यांचे आभार. पळसफूल ताई, येत्या होळीला एक पोतं फुलं वेचून दोन दुपट्ट्यांवर करून बघतो. शेवटचा प्रश्न फ्यूजतार दादांना. एका घरी १५० चीच दुसरी बॅटरी आहे, दोन वर्षं जुनी. ती आमच्या इन्व्हर्टरला सोबत जोडली तर प्रोजेक्टरच पाच तास चालेल का?

फ्यूजतार

जोडू नका. तुमचा इन्व्हर्टर एका बॅटरीचा, म्हणजे १२ व्होल्टचा. दोन्ही एकामागं एक जोडल्या तर २४ व्होल्ट होतात आणि तो जळतो. शेजारी-शेजारी, अधिकला अधिक आणि उण्याला उणे, जोडल्या तर व्होल्टेज बरोबर राहतं, पण जुनी बॅटरी नवीला खेचत बसते, चार्जिंग दोघींचंही अर्धवट होतं आणि तुमचा इन्व्हर्टर एका रात्रीत ३०० अँपिअर-तास भरूही शकत नाही.

दुसरी बॅटरी वेगळी, तिच्याच घरी पूर्ण चार्ज करून आणा आणि सभागृहात बाजूला ठेवा. हाफटाइमला गरज पडली तर सगळं बंद करून अदलाबदल करा. आधी उण्याची तार काढायची, मग अधिकची. लावताना आधी अधिकची, मग उण्याची. पाना कापडानं गुंडाळलेला हवा, दोन्ही टोकांना एकदम लागला तर ठिणगी उडते आणि चार्ज झालेल्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. म्हणून ती जागा चहाच्या शेगडीपासून लांब, खिडकीजवळ. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दोन्हीत मे अखेरीस बघून घ्या. सराव म्हणून एकदा दिवसाउजेडी अदलाबदल करून बघा. दोन माणसं असतील तर पाच मिनिटांत होते, हाफटाइम पंधरा मिनिटांचा आहे.